फायबर लाइनचा वेग आणि जुन्या डिस्कचा वेग एका मापात कसे आणायचे

एककं बदलणाऱ्या ऑनलाइन कन्व्हर्टरमध्ये एका बाजूला ओसी-४८ (टेलिफोन कंपन्यांच्या फायबर लाइनचा एक ठरावीक वेग) निवडा, दुसऱ्या बाजूला अल्ट्रा-१६० स्कझी (सर्व्हरमधल्या जुन्या डिस्क जोडणारी बस, म्हणजे सामायिक तारांची वाट) निवडा आणि बटण दाबा. उत्तर येतं १.९४४, म्हणजे एक ओसी-४८ लाइन जवळपास दोन अल्ट्रा-१६० बस सहज वाहून नेईल. भागाकार चोख आहे. तरीही या आकड्यावर बॅकअपचं वेळापत्रक बेतलंत तर फसगत ठरलेली, कारण ओसी-४८चे २४८८.३२ मेगाबिट म्हणजे फायबरवर धावणारे सगळे बिट, लाइनची देखरेख करणारे बिटही त्यात आले. अल्ट्रा-१६०चे १६० मेगाबाइट म्हणजे बसवर प्रत्यक्ष डेटा चालू असतानाच्या क्षणांचा वेग, आणि तोही बसवरच्या सगळ्या डिस्कनी वाटून घ्यायचा. दोन वेगळ्या ठिकाणी मोजलेले आकडे कन्व्हर्टर एकाच तराजूत घालतो.

आठने भागायला कोणी चुकत नाही. चूक होते ती आकडा कुठे मोजलाय हे न विचारल्यामुळे. पुढच्या पायऱ्यांत प्रत्येक आकडा एकाच ठिकाणी आणायचा आहे: प्रत्यक्ष फाइलचे बाइट, दर सेकंदाला, हजाराच्या पटीत. खाली जिथे नुसतं मेगाबिट किंवा मेगाबाइट लिहिलंय तिथे ‘सेकंदाला’ हे धरून चाला.

## सुरुवातीला हाताशी काय हवं

- लाइनचा सर्व्हिस ऑर्डर किंवा जोडणीचा कागद. ‘१५५ एमबी लाइन’ एवढं लिहिलेलं पुरत नाही. ओसी की एसटीएम (एकाच प्रकारच्या लाइनची अमेरिकी आणि आंतरराष्ट्रीय नावं), कितवी, आणि अखंड की तुकड्यांत विभागलेली, हे कळायला हवं.
- डिस्क, कंट्रोलर कार्ड आणि केबल या तिन्हींचे मॉडेल नंबर किंवा निदान त्यांच्यावरचे छापील शिक्के. या तिघांत जो हळू तोच खरा.
- कंट्रोलर आणि नेटवर्क कार्ड मदरबोर्डच्या कोणत्या स्लॉटमध्ये आहेत, याची नोंद.
- दोन्ही टोकांमधला पिंगचा वेळ, म्हणजे संदेश जाऊन परत यायला लागणारा वेळ, मिलिसेकंदांत.
- मोजायला आयपर्फ-३ (लाइनसाठी) आणि फायो (डिस्कसाठी) ही दोन मोफत साधनं, आणि एक साधी स्प्रेडशीट.

## १. आकडा उतरवताना त्याचं एकक आणि जागा दोन्ही लिहा

स्प्रेडशीटमध्ये चार रकाने करा: छापील आकडा, एकक, कुठे मोजला, आणि फाइलच्या मेगाबाइटमध्ये उरला किती. तिसरा रकाना रिकामा ठेवून चौथा भरायचा नाही, हा नियम कडक पाळा.

इंग्रजी संक्षेपात लहान बी म्हणजे बिट आणि मोठा बी म्हणजे बाइट. पण कोटेशन टाइप करणारा माणूस हा भेद पाळेलच याची खात्री नसते, म्हणून परंपरेवर विसंबा: तारेवरचा किंवा फायबरवरचा वेग जवळजवळ नेहमी बिटमध्ये सांगतात, आणि स्कझी व आयडीई (पीसीतल्या जुन्या डिस्कची जोडणी) यांसारख्या जुन्या समांतर बसचा वेग बाइटमध्ये. घोळ साटा (आयडीईनंतर आलेली डिस्कची जोडणी) आणि यूएसबीपासून सुरू होतो. त्या डिस्कच्या जोडण्या असूनही त्यांचा वेग बिटमध्ये छापतात.

## २. ऑप्टिकल बाजूचा ओव्हरहेड काढा

ओसी लाइन ज्या प्रमाणावर चालतात त्या सोनेटची मूळ फ्रेम, म्हणजे बाइटचा एक ठरावीक गठ्ठा, कागदावर आखून बघा. ९ ओळी, ९० रकाने, प्रत्येक चौकटीत एक बाइट, म्हणजे ८१० बाइट. अशा फ्रेम सेकंदाला ८००० जातात, कारण टेलिफोनचा आवाज सेकंदाला ८००० वेळा नमुना घेऊन डिजिटल करतात आणि सगळी रचना त्या ठोक्यावर उभी आहे. ८१० गुणिले ८ बिट गुणिले ८००० केलं की येतात ५,१८,४०,००० बिट. हाच ओसी-१चा ५१.८४ मेगाबिटचा वेग. पुढचे सगळे वेग याच्या नेमक्या पटीत आहेत, म्हणून पाठ करायचा तर हा एकच आकडा पाठ करा. ओसी-३ म्हणजे तिप्पट, ओसी-१२ म्हणजे बारापट.

सोनेटचंच आंतरराष्ट्रीय रूप असलेल्या एसडीएचच्या भाषेत ओसी-३ म्हणजे एसटीएम-१. तिथून पुढे एसटीएमच्या आकड्याला तीनने गुणलं की ओसीचा आकडा मिळतो: एसटीएम-४ म्हणजे ओसी-१२, एसटीएम-१६ म्हणजे ओसी-४८, एसटीएम-६४ म्हणजे ओसी-१९२.

आता ओव्हरहेड, म्हणजे तुमचा डेटा नसलेले देखरेखीचे बाइट, काढून फ्रेममधून तुमच्या वाट्याला काय येतं ते पाहू. अखंड ओसी-३मध्ये, जिला ओसी-३सी म्हणतात, फ्रेम २७० रकान्यांची असते. त्यातले ९ रकाने लाइनच्या देखरेखीचे आणि १ रकाना मार्गाच्या ओव्हरहेडचा. उरले २६०. हे प्रमाण २६ भागिले २७ आहे आणि मोठ्या अखंड लाइनलाही तेच लागू पडतं, कारण तिथे उरलेली जागा ठरावीक भरणीचे रकाने खातात. त्यामुळे छापील वेगाला २६ ने गुणा, २७ ने भागा आणि मग ८ ने भागा.

| लाइन | छापील मेगाबिट | नुसता ८ ने भागून, मेगाबाइट | ओव्हरहेड काढून, मेगाबाइट |
|---|---|---|---|
| ओसी-३सी / एसटीएम-१ | १५५.५२ | १९.४४ | १८.७२ |
| ओसी-१२सी / एसटीएम-४ | ६२२.०८ | ७७.७६ | ७४.८८ |
| ओसी-४८सी / एसटीएम-१६ | २४८८.३२ | ३११.०४ | २९९.५२ |
| ओसी-१९२सी / एसटीएम-६४ | ९९५३.२८ | १२४४.१६ | ११९८.०८ |

सापळा: शेवटचा ‘सी’ गाळून वाचू नका. ओसी-१२ लाइन चार स्वतंत्र ओसी-३सी तुकड्यांत विभागलेली असेल तर तुमच्या एका पोर्टला एकच तुकडा मिळतो, म्हणजे १४९.७६ मेगाबिट. कागदावर ६२२ आणि हातात १५०. अशा तुकड्याला कंटेनर म्हणतात. सर्व्हिस देणाऱ्याला प्रश्न असा विचारा: ‘माझ्या पोर्टला मिळणारा कंटेनर अखंड आहे का, आणि केवढा आहे?’

सोनेटवर इथरनेट चढवलेलं असेल तर किती कंटेनर जोडलेत तेही पाहावं लागतं. पूर्ण गिगाबिट इथरनेटला १४९.७६ मेगाबिटचे ७ कंटेनर लागतात, कारण ७ मिळून १०४८.३२ होतात आणि ६ अपुरे पडतात. एसटीएम-१६मध्ये असे १६ असतात, म्हणजे दोन पूर्ण गिगाबिट जोडण्या आणि वर दोन कंटेनर शिल्लक. तुमची ‘गिगाबिट’ जोडणी चारच कंटेनरवर चालत असेल तर पोर्टचा दिवा गिगाबिटचाच दिसेल, वेग मात्र ६००च्या आत अडकेल.

जाता जाता: घरोघरी येणाऱ्या जीपॉन फायबरचा खाली येणारा वेग २.४८८३२ गिगाबिट, म्हणजे आकड्याने हुबेहूब ओसी-४८. पण तो एकाच स्प्लिटरवरच्या (एका फायबरचे अनेक फाटे करणारा डबा) सगळ्यांत वाटला जातो. ३२ घरं एकाच वेळी पूर्ण जोरात असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला ७७.७६ मेगाबिट, आणि त्यातूनही जीपॉनचा स्वतःचा ओव्हरहेड वजा.

## ३. लाइन कोडिंग बघा: भाग ८ ने की १० ने?

नवख्या माणसाला सगळ्यात जास्त चकवते ती ही पायरी, तेव्हा जरा थांबून समजून घ्या.

बिटांची घड्याळाशी जुळणी टिकावी म्हणून काही जोडण्या प्रत्येक ८ बिटांऐवजी १० बिट तारेवर पाठवतात. याला ८/१० कोडिंग म्हणू. यात पाचवा हिस्सा वेग जातो. सोनेट हे करत नाही. ते बिट नुसते विस्कटून पाठवतं, जास्तीचे बिट घालत नाही. म्हणून सोनेटला ८ ने भागायचं, आणि ८/१० वापरणाऱ्या जोडणीच्या तारेवरच्या वेगाला थेट १० ने भागलं की बाइट मिळतात.

अडचण अशी, की नावातला आकडा कोडिंगच्या आधीचा की नंतरचा याला एक नियम नाही.

- साटा: नावात तारेवरचा वेग. १.५ गिगाबिट म्हणजे १५० मेगाबाइट, ३ म्हणजे ३००, ६ म्हणजे ६००. भाग १० ने.
- यूएसबी ३.०: हेच. ५ गिगाबिट म्हणजे ५०० मेगाबाइट.
- गिगाबिट इथरनेट, फायबरवरचं: नावात कोडिंग वजा झालेला वेग. तारेवर १.२५ गिगाबिट धावतात, नाव १ गिगाबिटचं. भाग ८ ने, १२५ मेगाबाइट.
- १० गिगाबिट इथरनेट: तारेवर १०.३१२५, पण कोडिंग ६४/६६चं, त्यामुळे तोटा जेमतेम ३ टक्के. नावातला १० हा डेटाचाच वेग.
- फायबर चॅनल (सर्व्हर आणि साठवणीच्या डिस्क जोडणारं नेटवर्क): नावातला आकडा जवळपासचा. १ गिगाबिटवाल्यात तारेवर १.०६२५ धावतात, १० ने भागून १०६.२५, आणि फ्रेमचा ओव्हरहेड वजा जाऊन सुमारे १००. म्हणून त्याला १०० मेगाबाइटचं म्हणतात. २, ४ आणि ८ गिगाबिटचे २००, ४०० आणि ८००. १६ गिगाबिटवाल्यात तारेवर १४.०२५ च धावतात, पण कोडिंग ६४/६६चं असल्यामुळे १६०० मेगाबाइट निघतात.

आता एक जोडी शेजारी ठेवा. साटाची ‘३ गिगाबिट’ जोडणी आणि ‘२.५ गिगाबिट’ची ओसी-४८सी. नावावरून साटा २० टक्के वेगवान. कोडिंग आणि ओव्हरहेड काढल्यावर ३०० आणि २९९.५२, म्हणजे बरोबरीच. तसंच ६ गिगाबिट साटाचे दोन पोर्ट मिळून १२००, आणि एक ओसी-१९२सी म्हणजे ११९८. नाव बघून घाईने अंदाज बांधणाऱ्याला या दोन जोड्या जरूर दाखवा.

## ४. जुन्या समांतर बसचा आकडा सोडवा

स्कझीचा वेग काढायला तीनच गोष्टी लागतात: बसची रुंदी बाइटमध्ये, घड्याळाचा वेग, आणि एका ठोक्याला एकदा डेटा जातो की दोनदा.

- स्कझी-१: १ बाइट, ५ मेगाहर्ट्झ, ५ मेगाबाइट
- फास्ट वाइड: २ बाइट, १० मेगाहर्ट्झ, २० मेगाबाइट
- अल्ट्रा वाइड: २ बाइट, २० मेगाहर्ट्झ, ४० मेगाबाइट
- अल्ट्रा-२ वाइड: २ बाइट, ४० मेगाहर्ट्झ, ८० मेगाबाइट
- अल्ट्रा-१६०: २ बाइट, ४० मेगाहर्ट्झ, ठोक्याला दोनदा, १६० मेगाबाइट
- अल्ट्रा-३२०: २ बाइट, ८० मेगाहर्ट्झ, ठोक्याला दोनदा, ३२० मेगाबाइट

हा वेग फक्त डेटा टप्प्याचा. अल्ट्रा-१६०पर्यंत आज्ञा, स्थिती आणि संदेश हे टप्पे साधारणपणे जुन्या संथ पद्धतीने, एकेक बाइट करत चालतात. छोट्या छोट्या फाइल असतील तर बस बराच वेळ बोलाचालीतच घालवते आणि १६०चा आकडा कागदावरच राहतो. अल्ट्रा-३२०मध्ये हे टप्पेही पॅकेटमध्ये बांधून वेगाने पाठवायची सोय आली, म्हणून तिचा फायदा नुसत्या दुप्पट आकड्यापेक्षा जास्त जाणवतो.

सापळा: अल्ट्रा-१६० बस एलव्हीडी, म्हणजे तारांच्या जोडीवरच्या कमी व्होल्टेजच्या सिग्नलने चालते. तिच्यावर एक जुनी सिंगल-एंडेड (एकाच तारेवर सिग्नल पाठवणारी) डिस्क लावली की अख्खी बस सिंगल-एंडेड होते आणि वेगाची मर्यादा ४० वर येते. शिवाय एलव्हीडीला चालणारी १२ मीटरपर्यंतची केबल सिंगल-एंडेडला चालत नाही. अल्ट्रा वेगात ती मर्यादा डिस्कच्या संख्येनुसार दीड ते तीन मीटर. वेग पडला आणि वर चुकाही येऊ लागल्या, तर आधी अशी एखादी पाहुणी डिस्क शोधा. एचव्हीडी (जास्त व्होल्टेजच्या) शिक्क्याची डिस्क तर एलव्हीडी किंवा सिंगल-एंडेड बसला लावूच नका, दोन्हीकडची सर्किटं जळू शकतात.

आयडीई म्हणजे एटीएचं गणित सोपं आहे, कारण मोड कळला की आकडा थेट मेगाबाइटमध्ये मिळतो. पीआयओ मोडमध्ये सीपीयू स्वतः डेटा हलवतो, यूडीएमएमध्ये ते काम कंट्रोलर करतो. पीआयओ-४ म्हणजे १६.७, यूडीएमए-२ म्हणजे ३३, यूडीएमए-४ म्हणजे ६६, यूडीएमए-५ म्हणजे १००, यूडीएमए-६ म्हणजे १३३. दोन गोष्टी मात्र पाहायच्याच. एक, ३३च्या वर जायला ८० तारांची केबल लागते. जुन्या ४० तारांच्या केबलवर कंट्रोलर मुकाट ३३ वर थांबतो आणि कुठेही तक्रार दाखवत नाही. दोन्ही केबलचं कनेक्टर सारखंच दिसतं, तेव्हा केबलची चपटी पट्टी हातात घेऊन तारांची जाडी बघा. बारीक, दाट तारा म्हणजे ८०ची. दोन, एका केबलवरच्या मास्टर आणि स्लेव्ह डिस्क एकाच वेळी डेटा पाठवू शकत नाहीत, त्यामुळे एकावरून दुसरीवर कॉपी करताना आकडा निम्म्यावर आणून धरा.

जुनी आयडीई डिस्क आजच्या मशीनला जोडायला बहुतेकजण यूएसबी अडॅप्टर वापरतात. तो यूएसबी २.० असेल तर ४८० ला ८ ने भागून ६० येतात, पण प्रोटोकॉल १२५ मायक्रोसेकंदांच्या एका खिडकीत ५१२ बाइटची जास्तीत जास्त १३ पॅकेट सोडतो. म्हणजे कमाल ५३.२ मेगाबाइट, आणि साध्या अडॅप्टरवर ३० ते ४० मिळाले तरी समाधान माना. डिस्कवर यूडीएमए-१०० लिहिलंय म्हणून १०० धरू नका.

## ५. मधली अरुंद जागा शोधा: पीसीआय स्लॉट

लाइन आणि डिस्क यांचं गणित जुळवल्यावर लोक थांबतात, आणि मदरबोर्ड मध्येच गळा आवळतो. साधा ३२ बिट, ३३ मेगाहर्ट्झचा पीसीआय म्हणजे सगळ्या स्लॉटना मिळून १३३ मेगाबाइट. त्यात अल्ट्रा-१६० कार्ड बसवलं की १६०ची गोष्टच संपली.

त्याहून वाईट म्हणजे डिस्क कार्ड आणि नेटवर्क कार्ड दोन्ही त्याच पीसीआय बसवर असणं. डेटा डिस्ककडून मेमरीत येताना एकदा आणि मेमरीतून नेटवर्क कार्डाकडे जाताना दुसऱ्यांदा त्याच वाटेने जातो. १३३चे राहिले ६६.७, आणि तेही सिद्धांतात. हा आकडा ओसी-१२सीच्या ७४.८८ पेक्षाही कमी आहे, म्हणजे महागडी लाइन घेऊनही ती कधीच भरणार नाही. ६४ बिट, ६६ मेगाहर्ट्झचा स्लॉट असेल तर तिथे ५३३ मिळतात. मदरबोर्डच्या पुस्तिकेत बसची आकृती असते. कोणते स्लॉट कोणत्या बसवर आहेत ते तिथून बघून दोन्ही कार्डं वेगळी करा.

## ६. प्रोटोकॉल आणि अंतर वजा करा

इथरनेटवर १५०० बाइटचं पॅकेट तारेवर १५३८ बाइटची जागा घेतं: हेडर, तपासणीचे बाइट, सुरुवातीची खूण आणि पॅकेटांमधली मोकळी जागा धरून. त्या १५०० मधून आयपी आणि टीसीपीचे हेडर आणि वेळेची नोंद गेली की फाइलचे उरतात १४४८. म्हणजे ९४.१ टक्के, आणि गिगाबिट इथरनेटचे १२५ मेगाबाइट ११७.७ होतात. सोनेटवर थेट पीपीपी (पॅकेट बांधून पाठवायची एक पद्धत) चालत असेल तर पॅकेटमागे ९ बाइट जास्तीचे, शिवाय काही ठरावीक बाइट आले की त्यांच्या जागी दोन जातात. दोन्ही धरून ओसी-१२सीचे ७४.८८ सुमारे ७१ वर येतात.

जुन्या एटीएमवर (डेटा छोट्या, ठरावीक आकाराच्या सेलमध्ये पाठवणारी पद्धत) चालणारी लाइन असेल तर ५३ बाइटच्या सेलमध्ये डेटाचे ४८ च. ओसी-३सीचे १४९.७६ मेगाबिट १३५.६ होतात, तेही वरचे हेडर वजा करण्याआधी.

आता अंतर. फायबरमध्ये प्रकाशाला एक किलोमीटरला सुमारे ५ मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे १००० किलोमीटर जाऊन यायला १० मिलिसेकंद. टीसीपी (डेटा पोहोचल्याची खात्री करणारा प्रोटोकॉल) पोचपावती येईपर्यंत ‘विंडो’एवढाच डेटा वाटेत ठेवतं. जुन्या सिस्टिममध्ये ही विंडो ६५,५३५ बाइटपुरती असते. २० मिलिसेकंदांच्या पिंगवर तिचं गणित करा: ६५,५३५ गुणिले ८, भागिले ०.०२, म्हणजे २६.२ मेगाबिट. लाइन ओसी-३ असो की ओसी-१९२, एका कनेक्शनला एवढंच मिळणार.

हवी तेवढी विंडो काढायची रीत: ओव्हरहेड काढून उरलेले बाइट गुणिले पिंगचा वेळ सेकंदांत. ओसी-१२सी आणि २० मिलिसेकंद म्हणजे ७४.८८ गुणिले ०.०२, सुमारे १.५ मेगाबाइट. विंडो वाढवण्याची सोय १९९२ पासून प्रमाणात आहे, पण जुन्या सर्व्हरवर ती बंद असू शकते आणि ती दोन्ही टोकांना चालू असावी लागते. चालू करता येत नसेल तर फाइल चार-सहा समांतर कनेक्शनमध्ये पाठवा, तोच परिणाम साधतो.

फायबर चॅनल लांब नेत असाल तर विंडोची जागा बफर क्रेडिट (पोचपावतीआधी किती फ्रेम पाठवता येतील ती संख्या) घेतात. पूर्ण आकाराची फ्रेम १ गिगाबिटला सुमारे २० मायक्रोसेकंद घेते, म्हणजे फायबरमध्ये ती चार किलोमीटर लांबीची असते. जाऊन येऊन हिशेब केला की दर दोन किलोमीटरला एक क्रेडिट लागतं. २ गिगाबिटला किलोमीटरला एक, ४ गिगाबिटला किलोमीटरला दोन. २ गिगाबिटचा पोर्ट, ६४ किलोमीटर अंतर आणि १६ क्रेडिट असतील तर २०० मेगाबाइटचा चौथा हिस्सा मिळेल, म्हणजे ५०. फ्रेम छोट्या असतील तर त्याहून कमी. स्विचवर पोर्टचे क्रेडिट वाढवता येतात का, त्याला वेगळं लायसन्स लागतं का, हे आधी विचारून घ्या.

## ७. १००० आणि १०२४ची भानगड मिटवा

नेटवर्कवाले कायम १००० च्या पटीत मोजतात. डिस्क बनवणारेही. ऑपरेटिंग सिस्टिम मात्र अनेकदा १०२४ च्या पटीत मोजते आणि नाव मेगाबाइटच लावते. १९९८ मध्ये आयईसी या आंतरराष्ट्रीय प्रमाण संस्थेने १०२४ च्या पटींना मेबिबाइट, गिबिबाइट अशी वेगळी नावं दिली, पण जुन्या साधनांनी ती घेतली नाहीत.

मेगाबाइटला ०.९५३७ ने गुणा, मेबिबाइट मिळतात. गिगाबाइटला ०.९३१३ ने गुणा, गिबिबाइट मिळतात. ५०० जीबीची डिस्क विंडोजला ४६५ दिसते ती यामुळेच, काही चोरीला गेलेलं नसतं. फ्लॉपीचं १.४४ तर कोणत्याच पद्धतीत बसत नाही: ते १४४० गुणिले १०२४, म्हणजे १४,७४,५६० बाइट, एकदा १००० आणि एकदा १०२४ वापरून बनवलेलं.

साधनांची सवय माहीत असू द्या. आयपर्फ-३ वेगाच्या रकान्यात १००० धरतं, पण पाठवलेल्या एकूण डेटाच्या रकान्यात १०२४. एकाच ओळीतले हे दोन आकडे एकमेकांशी जुळवायला गेलात तर ताळा लागत नाही. लिनक्सवरच्या एचडीपार्म साधनाची डिस्क चाचणी १०२४ वर. फायो दोन्ही दाखवतं, म्हणून ते बरं.

## ८. एक पूर्ण हिशेब

समजा सर्व्हरमध्ये अल्ट्रा-१६० बसवर १४६ जीबीच्या चार डिस्क आहेत, प्रत्येकी सलग वाचनाचा सरासरी वेग ४५ मेगाबाइट. एकूण डेटा ५०० गिगाबाइट. बाहेर गिगाबिट इथरनेट, पुढे राउटर, पुढे ओसी-१२सी.

साखळी मांडा: चार डिस्क एकत्र १८०, स्कझी बस १६०, पीसीआय १३३ किंवा सामायिक असेल तर ६६.७, गिगाबिट इथरनेट ११७.७, ओसी-१२सी ७१.

दोन्ही कार्डं एकाच पीसीआयवर असतील तर अडथळा ६६.७चा, आणि प्रत्यक्षात त्याहून कमी. कार्डं वेगळी केली की लाइनचे ७१ हाच अडथळा राहतो: ५,००,००० भागिले ७१ म्हणजे ७०४२ सेकंद, १ तास ५७ मिनिटं. पण कॉपीची स्क्रिप्ट एका वेळी एकच डिस्क वाचत असेल तर वेग ४५, आणि वेळ ३ तास ५ मिनिटं. तिथे लाइन वाढवून काहीही साधणार नाही, चार स्क्रिप्ट एकदम चालवा.

आणि ते ५०० जर विंडोजने दाखवलेले असतील तर खरे बाइट ५३६.९ गिगाबाइट, वेळ २ तास ६ मिनिटं. नऊ मिनिटांचा फरक नुसत्या एककाचा.

पलीकडच्या टोकाला टेप असेल तर आणखी एक अट सांभाळा. एलटीओ-३ टेप ड्राइव्हचा मूळ वेग ८० मेगाबाइट, आणि प्रत्येक ड्राइव्हला एक किमान वेग असतो. डेटा त्याहून हळू आला की टेप थांबते, मागे जाते, पुन्हा धाव घेते. वेग आणखी पडतो, शिवाय टेप आणि हेड झिजतात. ओसी-३सीचे १८ मेगाबाइट अशा ड्राइव्हला थेट देऊ नका. आधी डिस्कवर साठवा, मग टेपवर ओता. खोक्यावर छापलेला वेग दाबून बसवलेल्या डेटाचा, म्हणजे दुप्पट धरलेला असतो, तो हिशेबात घेऊ नका.

## ९. मोजून ताळा बघा

डिस्क आणि लाइन वेगवेगळ्या मोजा. एकत्र मोजलं तर दोष कुणाचा ते कळत नाही. डिस्कची चाचणी मशीनच्या मेमरीपेक्षा किमान दुप्पट मोठ्या फाइलवर घ्या, नाहीतर कॅशेचा वेग दिसेल आणि जुनी डिस्क सेकंदाला गिगाबाइट वाचते असा चमत्कार घडेल. डिस्कच्या बाहेरच्या पट्ट्यांवर वेग जास्त आणि आतल्यांवर बराच कमी असतो, तेव्हा सुरुवात, मध्य आणि शेवट अशी तीन ठिकाणी मोजणी घेऊन सरासरी काढा. लाइन मोजताना आयपर्फ-३ आधी एका कनेक्शनने, मग आठ समांतर कनेक्शननी चालवा.

हिशेब आणि मोजमाप यांत १० टक्क्यांपर्यंत फरक असेल तर, यादीतलं शेवटचं लक्षण सोडता, दुर्लक्ष करा. जास्त असेल तर लक्षणावरून कारण असं ओळखा:

- एका कनेक्शनला थोडाच वेग, आठांना मिळून बरोबर आठपट: टीसीपी विंडो.
- ओसी-१२ वर नेमके १८ च्या आसपास अडकलंय: कंटेनर अखंड नाही.
- आयडीई डिस्क ३० च्या पुढे जातच नाही: ४० तारांची केबल किंवा यूएसबी अडॅप्टर.
- आयडीई डिस्क आधी बरी होती, आता १० च्या खाली, आणि सीपीयू पूर्ण गुंतलेला: चुकांमुळे सिस्टिमने तिला पीआयओवर उतरवलंय. डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी स्मार्ट नोंद ठेवते तिच्यात १९९ क्रमांकाची सीआरसी (डेटा वाटेत बिघडल्याच्या) चुकांची संख्या बघा. ती वाढत असेल तर केबल बदला, मग मोड पुन्हा यूडीएमएवर आणा.
- अल्ट्रा-१६० बसवर ३५ ते ४०: सिंगल-एंडेड पाहुणी डिस्क, किंवा बसच्या टोकाला चुकीचा टर्मिनेटर (सिग्नल तिथेच संपवणारा तुकडा).
- सगळं हिशेबाच्या ४ ते ५ टक्के खाली आणि रोज तेवढंच: कुठेतरी मेबिबाइटला मेगाबाइट समजलं गेलंय.